दहा पाव आणि एक पाकळी

फुटबॉलमधलं ऑफसाइड मला पावांनी शिकवलं. हे मी नातीला सांगते तेव्हा तिला वाटतं, आजी थाप मारते. थापा मी मारतेच, पण ही नव्हे. कारापूरच्या आमच्या घरी सकाळी पोदेर यायचा. पोदेर म्हणजे पाववाला. सायकलच्या मागे बांबूची भली मोठी टोपली, वर निळं प्लास्टिक, आणि हँडलला रबरी भोंगा. हा भोंगा वळणावर वाजला की आत्या चुलीवरचं चहाचं आधण उतरवायची, बाबा दुकानाच्या फळ्या काढायला जायचे आणि मी जनेलातून डोकं बाहेर काढून ओरडायचे, "रुझार, आज उंडे दी!" उंडे म्हणजे गोल, कडक पाव. रुझार बार्देसचा. तरुणपणी गावाच्या संघातून खेळलेला, गुडघा गेला म्हणून सायकलवर आला. मी महाविद्यालयात लागले आणि तिसऱ्याच दिवशी त्याला सोप्यावर बसवून हळूच विचारलं, "रुझार, फुटबॉलात किती माणसं असतात रे?" त्याने टोपलीवरचं प्लास्टिक तसंच हातात धरून माझ्याकडे पाहिलं. "बाये, तूं खंय शिकयता म्हणलें?"

कुठे शिकवतेस म्हणालीस, असं विचारण्यात त्याचं काही चुकलं नव्हतं. मी घाटावर राहून शारीरिक शिक्षणाची पदवी घेऊन आले होते. लेझीम, खो-खो, कबड्डी आणि दोन वेण्या घट्ट बांधून छाती पुढे काढून चालणं, एवढी माझी विद्या. मुलाखतीत प्राचार्यांनी विचारलं, "मुलींचा फुटबॉल संघ काढायचाय. जमेल?" मी म्हटलं, "जमेल की सर." त्या 'की'मध्ये माझी सगळी अक्कल होती. चोविसाव्या वर्षी मला वाटायचं, आत्मविश्वास असला की माहितीची गरज पडत नाही. आता माहिती बरीच आहे आणि आत्मविश्वास चष्म्यासारखा रोज शोधावा लागतो.

तर रुझारने सोप्यावर पाव मांडले. हा गोलकीपर, हे दोन बॅक, हा मधला, हा फुडला. बोल, म्हणजे चेंडू, म्हणून आत्याच्या पानाच्या तबकातली सुपारी. "हो पाव फुडें रावलो आनी बोल फाटल्यान आयलो, तर ऑफसाइड. समजलें?" मला समजायच्या आधी आत्या चहाची कपबशी घेऊन बाहेर यायची आणि हाताला लागेल तो खेळाडू उचलून चहात बुडवायची. माझे कित्येक डाव दोन्ही बॅक खाल्ले गेल्यामुळे अर्धवट राहिले. आत्या बाबांची विधवा बहीण. आई मी लहान असताना गेली, म्हणून तिने मला वाढवलं. बोलणं कोंकणीत आणि रागावणं मराठीत, अशी तिची वाटणी होती. घरोघर तेव्हा भाषेवरून भांडणं होती. आमच्या मैदानाच्या एका भिंतीवर कोंकणीची घोषणा होती, समोरच्या भिंतीवर मराठीची, आणि माझ्या पोरींचा बोल नेम नसल्यामुळे दोन्ही भिंतींवर सारखाच आदळायचा. एकदा प्राचार्यांनी मला बोलावून सांगितलं, "बाई, मुलींना 'बोल' म्हणू नका, 'चेंडू' म्हणा. पालक विचारतात." मी मैदानावर जाऊन सांगितलं, आजपासून चेंडू. सुर्ल्याची तारामती म्हणाली, "बाई, चेंडू हातान खेळतत. पायान खेळतत तो बोल." विषय संपला.

ही तारामती, तारी, म्हणजेच या प्रकरणाचं कारण. तिचं घर सिंधुदुर्गातलं, पण बाप सुर्ल्याच्या खाणीवर ट्रक चालवायचा, म्हणून बिऱ्हाड इकडे. सुर्ल्यात सगळंच तांबडं: रस्ता, केळीची पानं, वाळत घातलेले कपडे, कुत्री. तारी शाळेत असल्यापासून त्या रस्त्याने चालत आली होती आणि चालताना ट्रकमधून सांडलेले खनिजाचे खडे पायाने पुढे ढकलत यायची. एक खडा घरापासून शाळेपर्यंत न्यायचा, गटारात पडू द्यायचा नाही, ट्रक आला तर पायाखाली धरून बाजूला व्हायचं. मी तिला काय शिकवणार? मी फक्त शिट्टी वाजवायचे. ती बोल घेऊन निघाली की बाकीच्या दहाजणी आपण खेळतोय हे विसरून बघत राहायच्या आणि मीही बघत राहायचे, मग भानावर येऊन उगाच ओरडायचे, "छान! असंच! मी सांगितलं तसंच!"

दुसऱ्या वर्षी आम्ही अंतिम सामन्याला पोचलो. कसे पोचलो याचं श्रेय मी त्या वेळी सगळ्यांकडून घेतलं. सामना दोनदा पुढे गेला, कारण भाषेच्या आंदोलनात कधी इकडचा रस्ता बंद, कधी तिकडचा. मधल्या काळात आमची बारावी मुलगी लग्न होऊन गेली आणि अकराच उरल्या. शेवटी आमचं वेगळं राज्य झालं, दुकानादुकानांतून लाडू वाटले गेले, रस्ते मोकळे झाले आणि तारीख आली. पेडण्यात, चोपड्याच्या नदीकाठच्या मैदानावर. गाडीची सोय तारीच्या बापाने केली. जयरामभाऊ त्याचं नाव. उंच, वाळका, बोलताना नेहमी टायरकडे बघणारा माणूस. "बाई, रविवारी ट्रक रिकामो आसता. मी धुऊन आणतंय."

पण त्याच आठवड्यात तो आमच्या घरी आला. सोप्याच्या खालच्या पायरीवर बसला, वर काही केल्या येईना. आदल्या सामन्याचा फोटो पेपरात आला होता. त्यात तारी अर्ध्या चड्डीत, पाय हवेत. तो पेपर सावंतवाडीकडच्या त्यांच्या गावी पोचला होता आणि तिथून थोरल्या भावाचा निरोप आला होता. "लोक बोलतत, बाई. तिका बघूक येवचे आसत. ह्या एकदा नको तर..." पण सरळ नको, असंही म्हणेना. आज मला कळतं की तो नकार द्यायला आलाच नव्हता. त्याला कुणीतरी जरा जोराने "काही होत नाही, मी आहे" म्हणायला हवं होतं. भावाला सांगायला त्याला माझं एक वाक्य हवं होतं, बस्स. ते वाक्य माझ्याकडे नव्हतं. माझ्याकडे हुशारी होती.

मी म्हटलं, "भाऊ, लोकांचं सोडा. आपण देवालाच विचारू. कौल लावू. देवाने उजवी दिली की तुमच्या भावाचंही तोंड बंद."

त्याने पहिल्यांदा टायर नसलेल्या दिशेला, म्हणजे माझ्याकडे, पाहिलं. "देवाक कशाक मधी घेतास, बाई?"

"का? भीती वाटते?"

असं बोलले मी. एवढ्या मोठ्या माणसाला. आमच्याकडे लग्न, विहीर, कोर्टकचेरी, सगळ्याला कौल लावतात. गुरव देवाच्या अंगावर फुलांच्या पाकळ्या पाण्याने चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो आणि सगळे बघत बसतात. उजवीकडची पाकळी आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. माझा देवावर तेव्हा विश्वास नव्हता, पण कौलावर फार होता, कारण लहानपणापासून आत्या देवळातून आली की एकच सांगायची, "उजवी दिली हो देवान!" बाबांचं दुकान, माझं घाटावर शिकायला जाणं, म्हशीचं दुखणं, सगळ्याला उजवी. मी आत कधी गेलेच नाही, बाहेर चाफ्याखाली खेळायचे. पण मनाशी शास्त्रीय निष्कर्ष काढून ठेवला होता: आमच्या देवळात उजव्या बाजूच्या दारातून वारा येतो, म्हणून पाकळी उजवीच पडते. पदवीधर होते ना.

शुक्रवारी सकाळी देवळात जयरामभाऊ, त्याची बायको, तारी आणि मी. तारीने नवी ओढणी घेतली होती आणि माझ्याकडे बघून डोळे मिचकावले होते, कारण वाऱ्याची गोष्ट मी तिला येताना सांगितली होती. गुरवाने पाकळ्या लावल्या आणि गाऱ्हाणं सुरू केलं. "बा देवा म्हाराजा! आज ह्या लेकरू तुज्या पायाकडे इला हा म्हाराजा! पेडण्यात फुटबॉलाचो खेळ आसा म्हाराजा! थंय ह्या लेकरान चार लोकांत खेळाचा काय, ता सांग म्हाराजा! होयत तर उजवी दी, नायतर डावी दी म्हाराजा!" आम्ही सगळ्यांनी म्हटलं, "व्हय म्हाराजा!" माझा आवाज सगळ्यात मोठा.  समई तडतडली. बाहेर कुणाचा तरी रेडिओ. एक मुंगी देवाच्या पायावरून चालत होती, ती मला अजून दिसते. आणि डाव्या खांद्यावरची पाकळी अलगद सुटून खाली पडली.

मी दाराकडे बघितलं. उजव्या बाजूचं दार बंद होतं. वारा येत होता म्हणे!

जयरामभाऊचा चेहरा मी विसरू शकत नाही. मला वाटलं होतं, त्याला सुटल्यासारखं होईल. तो तर मुलीपेक्षा जास्त खचला. तारी पाकळीकडे बघत राहिली, जणू ती उठून दुसरीकडे जाईल. मी गुरवाला म्हटलं, "पुन्हा लावा." तो म्हणाला, "तोच सवाल म्हयनोभर परत नाय, बाई. दुसरो काय आसल्यार विचारा." मग माझ्या हुशारीने शेवटची कोलांटी मारली. म्हटलं, "मग विचारा, ती नुसती संघाबरोबर आली तर चालेल का?" पुन्हा गाऱ्हाणं, पुन्हा व्हय म्हाराजा, आणि या खेपेला उजवी पडली, लगेच, जणू वाटच बघत होती. म्हणजे देवाच्या साक्षीने असं ठरलं की आमची सगळ्यात चांगली खेळाडू सामन्याला येणार आणि खेळणार नाही. मी बाहेर येऊन जयरामभाऊला शब्द दिला, "देवाने सांगितलं तसंच होईल." चपला घालताना त्याने त्या दोनदा उलट्या घातल्या.

घरी येऊन मी आत्यावर उखडले. "तुला दर वेळी उजवी कशी पडायची गं?" ती परसात आळसाने, म्हणजे चवळीच्या शेंगा, सोलत होती. सोलता सोलता म्हणाली, "अगो, डावी पडली ती घरी येऊन कोण सांगता? तुज्या शिक्षणाक तीनदा डावी पडली. चवथ्यांदा सवाल बदलून घातलो, तेन्ना खंय उजवी दिली देवान." मी तिथेच पायरीवर बसले. तीन वेळा! आणि ती मला खुशाल ट्रंक भरून देत होती, वर मुगाचे लाडू घालत होती. तिने आणखी एक शेंग सोलली आणि म्हणाली, "देवाक विचारप आसता. पूण चेडवाक धाडप आपल्या हातांत आसता." पोरीला धाडणं आपल्या हातात, हे तिने आदल्या दिवशी सांगितलं असतं तर! पण आदल्या दिवशी मी तिला विचारलं कुठे होतं? मी देवाला विचारायला गेले होते.

रविवारी सकाळी रुझार आला. बातमी त्याला पोचली होती. सायकल भिंतीला लावून त्याने न सांगता सोप्यावर पाव मांडायला घेतले. दहा. अकरावा त्याच्या हातात राहिला. तो कुठे ठेवावा ते त्याला समजेना. शेवटी त्याने तो कडेला, खांबापाशी ठेवला आणि म्हणाला, "धा जाणांनी फाटीं रावप. सगळीं फाटीं. हार खावपाची, पूण उणी." दहाजणींनी मागे राहायचं, हरायचं, पण थोडक्यात. आत्या चहा घेऊन आली. खांबापाशी ठेवलेल्या पावाकडे तिने पाहिलं आणि दुसरा कुठलातरी उचलला. तो पाव दुपारपर्यंत तिथेच होता, शेवटी कावळ्यांनी नेला.

ट्रक जयरामभाऊने खरोखरच धुतला होता, तरी चोपड्याला उतरलो तेव्हा सगळ्यांची मागची बाजू तांबडी. समोरच्या संघाच्या मुली पांढऱ्याशुभ्र मोज्यांत, त्या आमच्याकडे बघून हसल्या. माझ्या पोरीही हसल्या, कारण त्यांनाही ते दिसत होतं. नदीवरून वारा येत होता, वाळत घातलेल्या मासळीचा वास येत होता, आणि बघायला अख्खा गाव लोटला होता. जयरामभाऊने ट्रक मैदानाच्या कडेला आणला, मग पुढे-मागे करत पूर्ण वळवला आणि पाठमोरा लावला. मैदानाकडे ट्रकची पाठ, तोंड नदीकडे. आणि आतच बसून राहिला. मला वाटलं, रागावलाय. मुलगी बाहेर उभी आहे हे बघायची त्याची इच्छा नाही. मला वाटलं, हा माझ्यावर पहारा ठेवून बसलाय.

तारीचं नाव मी यादीत शेवटी लिहिलं होतं. कपडे तिने घातले होते, महाविद्यालयाचे बूटही. पंचाने विचारलं, "दहाच?" मी म्हटलं, "एकीला बरं नाही. नंतर बघू." तो म्हणाला, "यादीत आहे, मला सांगून कधीही घ्या." कधीही. हा शब्द पुढचा पूर्ण सामना माझ्या कानात राहिला.

माझ्या दहाजणी काय खेळल्या! काय खेळल्या म्हणजे वाईटच खेळल्या, पण जीव तोडून. सगळ्या मागे. एक पोरगी पडून उठली की दुसरी पडायची. रुझारची पावांची रांग डोळ्यांसमोर येत होती, आणि प्रत्येक वेळी कुणीतरी एक पाव उचलून नेत होतं. तरी अर्ध्या वेळेपर्यंत गोल नाही. दुसऱ्या अर्ध्यातही बराच वेळ नाही. तारी माझ्या शेजारी रेषेवर उभी. ती माझ्याकडे एकदाही "जाऊ का" म्हणाली नाही. फक्त बोल आमच्या बाजूला आला की तिचा उजवा खांदा थोडा पुढे व्हायचा. मी खूप काही ओरडत होते, "मागे! मागे! चिकटून!" आणि जे एक ओरडायचं होतं तेवढंच ओरडत नव्हते. देवाचं भय नव्हतं मला. भय होतं ते त्या पाठमोऱ्या ट्रकचं. शब्द दिला होता ना, आणि तोही स्वतःच्या तोंडाने, मोठ्या आवाजात, व्हय म्हाराजा म्हणून.

सामना संपायला थोडा वेळ होता. आमच्या एका मुलीचा फटका चुकला आणि बोल रेषेबाहेर घरंगळत नेमका तारीपाशी आला. तिचा पाय उठला. मी पाहिलं, पाय उठला, बोलावर टेकणारच होता, आणि तिने तो मागे घेतला. जणू निखाऱ्यावर पडणार होता. मग ती वाकली, बोल दोन्ही हातांनी उचलला आणि घ्यायला आलेल्या त्यांच्या मुलीच्या हातात दिला. जी पोरगी मला सांगायची, चेंडू हाताने खेळतात, ती. तिने माझ्याकडे पाहिलं. एवढंच एकदा पाहिलं. मी तिच्याकडे बघून, काय करावं, शिट्टी पुसली. ओढणीच्या टोकाने. अगदी स्वच्छ.

त्याच चालीत त्यांनी गोल केला. एक-शून्य. रुझार म्हणाला होता तसं, थोडक्यात.

परतताना मुली मागे ट्रकमध्ये आणि मी पुढे, जयरामभाऊच्या शेजारी. आधी कुणीतरी हुंदका दिला, मग कुणीतरी चेष्टा केली, आणि चोपडं मागे पडेपर्यंत त्या गाऊ लागल्या. त्यांच्यात तारीचाही आवाज होता. मी जयरामभाऊला म्हटलं, "भाऊ, मी शब्द पाळला." म्हणजे मला शाबासकी हवी होती! त्याने गिअर बदलला. मग रस्त्याकडे बघत म्हणाला, "होय. पाळलात."

थोड्या वेळाने म्हणाला, "बाई, मी आरशातसून बघी होतंय."

"काय?"

"खेळ. सगळो. तुमी तिका आत सोडशात म्हणान." त्याचा आवाज शांत होता. "मी गाडी पाठमोरी लावलंय ती कशाक, बाई? माजी पाठ आसली तर मी बघूक नाय. भावाक सांगलंय आसतंय, माका काय ठावक नाय, मी गाडयेत होतंय. देवाक पण ताच सांगलंय आसतंय." आणि मग, "मी आरशात बघी होतंय, आता सोडतली, आता सोडतली..."

समोरच्या काचेवर तांबडी धूळ होती आणि वायपर एकीकडेच चालत होता. मागे तारी गात होती. तो मला सोडायला सांगू शकत नव्हता आणि मी त्याला न विचारता सोडू शकत नव्हते आणि ती कुणालाच विचारू शकत नव्हती. तिघांच्या मधे एक पाकळी, आणि तीही मीच आणलेली.

दुसऱ्या दिवशी मुलींनी बूट परत आणून कपाटात ठेवले. दहा जोडांवर चोपड्याची वाळू आणि चिखल, अकरावा जोड कोरा. तारीने तोही पुसून आणला होता. मी नंतर तिच्याशी काही बोलायचं म्हणून गेले, तर म्हणाली, "बाई, बूट जरा घट्ट होते. बरा झाला नाय खेळलंय ता." मला वाचवायला! पंचविसाव्या वर्षी मला वाटलं, खरंच घट्ट असतील. पुढच्या सुट्टीत तिचं लग्न झालं.

त्यानंतर मी तीस वर्षं मुलींना फुटबॉल शिकवला. कधी जिंकलो, बरेचदा हरलो. कपाटात चषक आहेत, नात त्यांत पेन्सिली ठेवते. कौल मी परत कधी लावला नाही, पण एक सवय लागली. सामन्याला पोचलो की आधी मैदान बघत नसे, प्रतिस्पर्धी बघत नसे. कडेला उभ्या गाड्या बघायचे. स्कूटर, रिक्षा, जीप. त्यात कुणी बाप मैदानाकडे पाठ करून बसलेला दिसला, तर मी जाऊन त्याच्याशी बोलायचे नाही, त्याला काही विचारायचे नाही. सरळ त्याच्या पोरीचं नाव घेऊन ओरडायचे, "जा गो आत!"